मोरदरीच्या पिवळ्या बाटल्या

१

चोरी झाली गुरांच्या दवाखान्यात आणि चोरीला गेलं ते मेलेल्या मोरांच्या पोटातलं धान्य. मी उभी हयात जालन्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली. कोंबड्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याच्या चोऱ्या पाहिल्या. असला माल मात्र माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

दवाखाना मोरदरीचा. घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या पुढे माळावर हे गाव आहे. तिथली डॉक्टर म्हणजे माझी मुलगी यशश्री. तिची आई गेल्यापासून मी तिच्याकडेच, दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहतो. ती गुरं तपासते, मी चहा करतो आणि कुणी न मागितलेले सल्ले देतो. दोघांचं बरं चाललं आहे.

त्या सकाळी यशश्रीनं लशींचा डीप फ्रीझर उघडला आणि तिथूनच हाक मारली. "बाबा, अर्पिताला बोलवा. आणि कशाला हात लावू नका."

हात लावायचा माझा विचारही नव्हता. त्या फ्रीझरमध्ये वरच्या कप्प्यात लशी आणि खालच्या कप्प्यात मेलेल्या मोरांचे अवयव, हे माहीत असल्यापासून मी दवाखान्यात पाणीसुद्धा पीत नाही.

अर्पिता शास्त्रज्ञ. आधी कोकणच्या किनाऱ्यावर होती. मासे आणि समुद्रपक्षी यांच्या अंगात पारा किती, शिसं किती, हे शोधायची. मूळची जालन्याची असल्यामुळे मोरदरीत पावसाळ्यापासून मोर मरतायत ही बातमी तिच्या कानावर गेली आणि वनखात्याची परवानगी काढून ती इथं आली. "काका, समुद्र असो की माळ, आपण जे टाकतो ते कुणाच्या तरी पोटात जातंच," असं ती मला म्हणाली होती. पहिल्याच मोरांच्या यकृतात तिला शिसं सापडलं. गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा कारखाना होता. दोन अधिक दोन चार झाले आणि दिवाळीत कारखान्याला टाळं लागलं.

आता ती फ्रीझरसमोर उकिडवी बसून बाटल्या मोजत होती.

"यकृताच्या बाटल्या सगळ्या आहेत," ती म्हणाली. "गेल्या त्या गळ्याखालच्या पिशवीतल्या. पक्षी दाणे टिपून जिथं साठवतो ना, ती पिशवी. त्यातल्याही सगळ्या नाही गेल्या, काहीच गेल्या."

"कुलूप?" मी वकिली आवाजात विचारलं.

"शाबूत आहे," यशश्री म्हणाली. "किल्ली चौकटीवर असते हे गावातल्या शेळ्यांनाही माहीत आहे, बाबा."

अर्पिताचा साहाय्यक मुकुल दारात उभा होता. तो म्हणाला, "त्या सोमवारी तपासायला जायच्या होत्या."

२

यशश्री चौकशी करते तेव्हा प्रश्न कमी विचारते आणि समोरच्याला चहा जास्त पाजते. चहा मीच करतो, त्यामुळे या तपासात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तिनं अर्पिताला पहिला प्रश्न विचारला, "काल संध्याकाळी तू बाटल्या बाहेर काढल्या होत्यास ना?"

काढल्या होत्या. मीही तिथं होतो. ओट्यावर टेबल मांडून, उन्हं उतरायच्या आत तिनं सगळ्या बाटल्या लावून पाहिल्या होत्या. त्या वेळी ओट्यावर आणखी तिघं होते. मुकुल होता. कारखान्याचा सुपरवायझर संघपाल आला होता, तो दर आठवड्याला येऊन "रिपोर्ट कधी येणार?" विचारून जायचा. आणि मेंढरांच्या जंताचं औषध न्यायला कडूबा आला होता.

कडूबा म्हणजे टेकडीवरच्या बिरोबाचा पुजारी. धनगराचा म्हातारा, पाठ ताठ, डोक्याला लाल मुंडासं, आणि बोटं कायम पिवळी. त्याच्या खांद्यावर नात होती, रेणू. तिचे आई-बाप मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले; पोरगी आजोबापाशी. सात वर्षांची, पण पाचाचीही वाटत नव्हती. ओठ पांढरे पडलेले. पावसाळ्यापासून तिचं पोट दुखायचं, अन्न जात नव्हतं, शाळेत बसल्या जागी पेंगायची. खरं तर मोरांसाठी नाही, रेणूसाठी गाव पेटलं होतं. मोरांच्या अंगात शिसं निघालं म्हटल्यावर लोक म्हणाले, पोरीलाही तोच धूर लागला. कारखान्यावर गेलेल्या मोर्चात पुढं कडूबाच होता.

"आबा, हिचं रक्त तपासा. संभाजीनगरला न्या," यशश्रीनं काल पुन्हा सांगितलं होतं.

"नेतो की, बाई. जत्रा झाली की नेतो," कडूबा म्हणाला होता. "तवर देवाचं चालू हाय."

आणि तेव्हाच अर्पितानं एक बाटली उन्हात धरली होती. आतल्या ज्वारीच्या दाण्यांवर पिवळी पूड चिकटलेली. "हे पाहा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "हे पिवळंच मोरांना मारतंय. माझी खात्री आहे. सोमवारी सिद्ध होईल."

यशश्रीनं आता मुकुलकडे पाहिलं. "गेलेल्या बाटल्यांचे फोटो आहेत?"

मुकुलनं मोबाइल पुढं केला. प्रत्येक बाटलीचा फोटो त्यानंच काढलेला. यशश्री एकेक फोटो सरकवत गेली, मध्येच थांबली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

गेलेल्या सगळ्या बाटल्या पिवळ्या होत्या. राहिलेल्यांत एकही पिवळी नव्हती.

३

मला वाटलं, झालं, चोर सापडला. मी यशश्रीला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणालो, "शिसं वितळवताना भट्टीच्या तोंडाशी पिवळी भुकटी जमते. मी अशा कारखान्याची केस चालवली आहे. ही पिवळी पूड भट्टीची. सोमवारी सिद्ध झालं असतं तर कारखाना कायमचा बंद. मग बाटल्या कुणी नेल्या असतील?"

"संघपालनं," यशश्री म्हणाली.

"बरोबर!"

"बाबा, मी तुमचं वाक्य पुरं केलं. माझं मत दिलं नाही."

मुलीला शिकवावं आणि मग तिनं आपल्यालाच शिकवावं, ही रीत आमच्या घरात फार लवकर सुरू झाली.

संघपाल कारखान्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. आत शेड सुनसान. दिवाळीपासून पगार नसताना तो राखण करत होता, कारण यंत्रं गेली तर कारखाना पुन्हा उघडणार नाही आणि कामगारांची चूल पेटणार नाही, एवढाच त्याचा हिशेब.

मी सरळ विचारलं, "काल रात्री कुठं होतास?"

"इथंच, वकीलसाहेब. कुठं जाऊ?" तो शांतपणे म्हणाला. "बाटल्या गेल्या ते समजलं मला. सगळं गाव माझ्याकडंच बोट दाखवून राह्यलं. पण मला सांगा, मी कशाला चोरू? मी तर म्हणून राह्यलो, जल्दी तपासा."

"तपासून तुझ्या भट्टीचं नाव आलं असतं तर?"

"आमची भट्टी लई साफ होती असं म्हणत न्हाई मी. धूर होता, शिसं होतं. लहान पोरं जवळ येऊ देत नव्हतो आम्ही." त्यानं बंद शेडकडे हात केला. "पण साहेब, कारखाना कैक वर्षांपासून हाय. मोर मराया लागले ते या पावसाळ्यात. आन टाळं लागल्यावर मरायचे थांबले का? मागच्या आठवड्यात अजून एक मेला. थंड भट्टीतून धूर निघतो का कुठं?"

यशश्रीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं तिला काहीतरी देऊन टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "तो मागच्या आठवड्यातला मोर. त्याच्या पिशवीत पिवळं होतं का, ते मला पाहायचंय."

दवाखान्यात येऊन तिनं फोटो पाहिला. मग मोबाइल माझ्यापुढं धरला. होतं. सगळ्यांत जास्त पिवळं त्याच मोरात होतं.

४

मुकुलची पाळी आली तेव्हा मी जरा जोशात होतो. संघपाल हातचा गेला, तर हा तरी सापडावा.

त्याच्याकडे कारण होतं. अर्पिताच्या शोधनिबंधावर त्याचं नाव येणार नव्हतं आणि हे त्याला चांगलंच झोंबलं होतं. "मी दगडधोंड्यांतून मेलेले मोर शोधायचे, पोटं फाडायची आणि नाव मॅडमचं," तो म्हणाला. लपवलं नाही. मला ते आवडलं.

"म्हणून बाटल्या नेल्यास?" मी विचारलं.

"काका, मला वाईट करायचं असतं तर फ्रीझरची पिन काढली असती. सगळंच सडलं असतं, आणि लोड-शेडिंगच्या नावावर खपलं असतं. आणि हे फोटो मी तुम्हाला दिले असते का? हे फोटो नसते तर काय गेलं हे कुणाला कळलंच नसतं."

यशश्री हसली. "नाव घालायला सांगते मी तिला," ती म्हणाली. मुकुलचा पडलेला चेहरा जरा खुलला.

मग तिनं त्याला विचारलं, पिवळे दाणे पोटात असलेले मोर सापडले कुठं. मुकुलनं हातानं दाखवलं. टेकडीच्या उतारावर, बिरोबाच्या देवळाभोवती. कारखाना गावाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. अर्पिताचं म्हणणं होतं की वारा धूर तिकडं नेतो.

"चला, कडूबाकडे जाऊ," यशश्री म्हणाली.

"तो कशाला? त्याच्या नातीसाठी तर कारखाना बंद केला. त्याला तर बाटल्या तपासायला हव्याच असणार."

"म्हणूनच."

देऊळ लहानसं, पत्र्याचं. पण आवार झाडून लख्ख. पिंपळाखाली घोंगडीवर रेणू कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. कडूबानं आम्हाला बसायला पोतं अंथरलं, देवाच्या पायाचा भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि लावता लावता चांगला मूठभर माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. काय रंग तो! पिवळाधमक, डोळ्यांत भरणारा.

"यंदाचा भंडारा फार उठावदार आहे," मी म्हणालो.

"आखाडापासून नवा व्यापारी देऊन राह्यला," कडूबा कौतुकानं म्हणाला. "पयलेवाला फिक्का द्यायचा. देवाचं रूप खुलत न्हवतं."

तेवढ्यात झाडीतून दोन मोर आले आणि अगदी पायरीपर्यंत चालत आले. कडूबानं आतून ज्वारीचं सूप आणलं. दाणे देवाच्या पायाला लावले, त्यावरून भंडाऱ्याचा हात फिरवला आणि मोरांपुढं उधळले. मोर निर्धास्त टिपू लागले.

"हा मोरांचा घास. माझ्या आज्यापासून चालत आला," तो म्हणाला. "मोर देवाचे. त्यांना उपाशी ठेवून आपण कसं खावं?"

यशश्रीनं विचारलं, "आबा, बाटल्या चोरीला गेल्या, समजलं ना?"

"समजलं." तो मोरांकडेच पाहत होता. "बरंच झालं म्हणायचं. मेलेल्या जीवाला असं बाटलीत कोंडावं का, बाई? माती मिळाली पायजे."

रेणूनं झोपेत कण्हल्यासारखा आवाज केला. कडूबा लगबगीनं तिच्याकडे गेला आणि तिचं पोट चोळत बसला. यशश्री त्याच्यामागून गेली आणि रेणूच्या डोळ्यांखालची पापणी ओढून पाहिली. मग तिला तोंड उघडायला लावून हिरड्या पाहिल्या. जनावरांच्या डॉक्टरनं माणसाच्या पोरीला तपासावं हे कडूबाला खटकलं असावं, पण त्यानं तिला अडवलं नाही.

गाडीत बसल्यावर यशश्री म्हणाली, "दातांच्या कडेनं निळसर रेघ आहे, बाबा. अगदी बारीक. ते शिसंच आहे."

"म्हणजे गाव म्हणत होतं ते खरं. पोरीला कारखान्याचंच लागलं."

"कारखान्याजवळ राहणाऱ्या पोरांना नाही आणि टेकडीवरच्या पोरीलाच?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा धुवायला बसलो. यशश्री म्हणते मशीनमध्ये टाका. पण हळदीचा डाग मशीनच्या बापाला जात नाही, हे तिच्या आईनं मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. साबण घासला. पुन्हा घासला. मग ओरडलो, "यशू, हा भंडारा कुठला आणतात? साबणानंही रंग बदलत नाही!"

ती ब्रश तोंडात धरून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?"

"लालभडक होतो. माझ्या हळदीच्या दिवशी अख्खं धोतर—"

"मग हा?"

मी सदऱ्याकडे पाहिलं. फेसाखाली डाग जसाच्या तसा पिवळा होता.

तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि अर्पिता, मुकुल, संघपाल, तिघांना बोलावून घेतलं. ओट्यावर, त्याच टेबलाभोवती.

"चोरानं यकृताच्या बाटल्या सोडल्या," ती म्हणाली. "शिसं सिद्ध झालं होतं ते यकृतात. कारखाना वाचवायचा असता तर त्या आधी गेल्या असत्या. चोराला शिशाशी घेणंदेणं नव्हतं, पिवळ्याशी होतं. बाटल्यांच्या चिठ्ठीवरचे नंबरही त्यानं पाहिले नाहीत. डोळ्यांनी रंग पाहून निवडल्या. म्हणजे त्या संध्याकाळी अर्पिताचं वाक्य ऐकणारा, या ओट्यावरचाच कुणीतरी."

संघपाल अस्वस्थ झाला.

"तू नाहीस," यशश्री त्याला म्हणाली. "यकृतात महिनोन्‌महिन्यांचं साठतं. पण गळ्याखालच्या पिशवीत फक्त आजचं खाल्लेलं असतं. भट्टी दिवाळीपासून थंड. मागच्या आठवड्यातल्या मोराच्या पिशवीत भट्टीची पूड येणारच नाही. त्या पिवळ्या बाटल्या तुझी सुटका होत्या, आणि ते तुला बरोबर कळलं होतं. मुकुल नाही, चोराला गेलेलं लपवायचं असतं, त्यानं तर फोटो हातात दिले. मग राहिला कोण?"

अर्पिताचा चेहरा उतरला. "पिवळं म्हणजे शिशाची पूड, असंच मी धरून चालले. ती मोरांच्या दाण्यांवर रोज, ताजी ताजी कुठून येते, हे विचारलंच नाही."

"भंडारा," मी म्हणालो. "पण हळदीनं मोर कसे मरतील?"

"हळद असती तर सदरा लाल झाला असता. ही रंगवलेली पिठी आहे. तो झगझगीत पिवळा रंग स्वस्तात आणायचा तर शिशाचा रंग घालतात," अर्पिता म्हणाली. "खायच्या हळदीत घातला तर माणूस पकडला जातो. देवाच्या हळदीकडे कोण संशयानं बघणार? देवाचं आहे म्हटल्यावर आपण वाससुद्धा घेत नाही."

"म्हणजे कडूबानं बाटल्यांतला देवाचा भंडारा ओळखला," मुकुल म्हणाला. "देवाचं नाव येऊ नये म्हणून नेल्या. आता पोलिसांत..."

पण यशश्री उठली होती. तिचा रंग गेला होता. "परवा तो काय म्हणाला होता, बाबा? 'तवर देवाचं चालू हाय.' देवाचं म्हणजे काय? काय चालू आहे?"

मी उभा राहिलो.

"गाडी काढा," ती म्हणाली. "चोराला पकडायचं नाहीये. त्याला थांबवायचंय."

६

आम्ही पोचलो तेव्हा कडूबा रेणूच्या उशाशी बसला होता. हातात पितळी वाटी, वाटीत पाणी, आणि पाण्यात चिमूटभर पिवळं. तो बोटानं ढवळत होता, ओठ हलत होते.

"आबा, थांबा!" यशश्री ओरडली. माझी मुलगी लाथ मारणाऱ्या बैलापुढंही ओरडत नाही.

तिनं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. कडूबा दचकला नाही की रागावला नाही. त्यानं फक्त आमच्याकडे पाहिलं, आणि माझ्या ध्यानात आलं की तो आमची वाटच पाहत होता.

"बाटल्या पिंपळाखाली हायेत," तो म्हणाला. "मीच नेल्या. पोलिसाला सांगा. पण देवावर बोल लावू नका."

"आबा, घरातली हळद आहे?"

त्यानं आतून भाजीची हळद आणली. यशश्रीनं त्याच्याच चंचीतला चुना घेतला. एका तळहातावर घरची हळद, दुसऱ्यावर देवळातला भंडारा. दोन्हींत चुना कालवला. एक तळहात कुंकवासारखा लाल झाला. दुसरा पिवळाच राहिला. जन्मभर जत्रेसाठी हळदीचं कुंकू करणाऱ्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"ही हळद न्हाई," तो म्हणाला.

"नाही. यात शिसं आहे, आबा. मोर यानंच मेले." तिनं रेणूकडे पाहिलं. पुढचं मीच बोलायला तोंड उघडलं, पण कडूबानं हात वर केला.

"मला ठाव होतं का न्हवतं, ते मला बी सांगता येणार न्हाई, वकीलसाहेब," तो म्हणाला. "त्या सांजंला बाईंनी बाटली वर धरली. मी रंग वळखला. त्या म्हणाल्या, हे पिवळंच मारून राह्यलं. आन माझ्या खांद्यावर पोरगी होती. मनात आलं, मंग हिचं काय? लई वंगाळ आलं मनात. देवावर शंका आली. ती शंका काढून टाकायाच गेल्तो मी रातच्याला. म्हणलं, बाटल्याच नसल्या तर खोटं ठरंल."

"आणि भंडारा देणं थांबवलं नाहीत?" अर्पितानं हळूच विचारलं.

कडूबाचा चेहरा आकसला. "वाढवला. चिमटीच्या दोन चिमट्या केल्या. शंका घेतली म्हणून देवानं माफ करावं, पोरीवर राग धरू न्हाई."

मी वकिलीत कितीतरी कबुल्या ऐकल्या, पण या कबुलीनं माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. संघपाल आमच्या मागोमाग मोटारसायकलवर आला होता. ज्याच्या मोर्चानं त्याची रोजी गेली, त्या म्हाताऱ्यापुढे तो उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार. तो खाली वाकला, रेणूला अलगद उचललं आणि म्हणाला, "आबा, बोलत नंतर बसू. गाडीत बसा जल्दी. आमच्याकडं भट्टीवरच्या गड्यांना शिसं लागलं की संभाजीनगरला नेत होतो, मला डाक्टर ठाऊक हाय."

अर्पितानं बाटल्या उकरून घेतल्या. मांस सडतं, शिसं सडत नाही. सोमवारी तपासणी झाली आणि तिनं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की आपला पहिला निष्कर्ष घाईचा होता. कारखान्याच्या धुराचं काय ते वेगळं तपासावं, पण मोर भंडाऱ्यानं मेले. निबंधावर मुकुलचं नाव आलं. व्यापाऱ्याची पोती जप्त झाली. तो म्हणाला, मी तर मागून आणून पुढं विकतो. त्याची केस आली तर मी सरकारकडून फुकट उभा राहीन, असं मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं आहे. चोरीची तक्रार यशश्रीनं दिलीच नाही.

मी आणि यशश्री त्याच आठवड्यात संभाजीनगरच्या दवाखान्यात रेणूला पाहायला गेलो. रक्तात शिसं भरपूर निघालं होतं, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. औषध सुरू आहे, उतरेल. कडूबा वॉर्डाच्या दाराबाहेर फरशीवर बसला होता. आत जात नव्हता. आल्यापासून आत गेलाच नाही, असं नर्स म्हणाली.

"आबा, चला ना," यशश्री म्हणाली.

"न्हाई. लांबूनच बघतो मी."

आत नर्स रेणूला औषध पाजायचा प्रयत्न करत होती. त्या औषधाला कुजकट वास येतो म्हणे. पोरीनं ओठ घट्ट मिटले होते. गोंजारून झालं, रागावून झालं. यशश्रीनंही प्रयत्न केला. रेणूनं मान फिरवली आणि दाराकडे पाहून म्हणाली, "मी आबाच्याच हातनं घेईन."

कडूबा उठला. भिंतीला धरून आत आला. नर्सनं औषधाचा पेला त्याच्यापुढं धरला, पण त्याचे हात पुढं येईनात. त्यानं ते धोतराला पुसले, पुन्हा पुसले, मग नर्सला म्हणाला, "बाई, हे बराबर औषधच हाय ना? आधी मला घोटभर द्या."

"आबा, ते लेकराचं आहे," नर्स म्हणाली. "द्या तुम्ही."

"आबा, हात दुखून राह्यला का तुमचा?" रेणूनं विचारलं आणि तोंड उघडलं.

त्यानं पेला घेतला. यशश्रीनं त्याच्या हाताला खालून आधार दिला. रेणूनं तोंड वाकडं करत सगळं प्यायलं आणि पाणी मागितलं.